घसरणाऱ्या पट्ट्याचा इतिहास

जुन्या गाडीचा पट्टा तुटतो तेव्हा फार मोठा आवाज होत नाही. बॉनेटखाली एक फटकारा ऐकू येतो, चालकासमोरचा लाल दिवा लागतो आणि पाण्याच्या तापमानाचा काटा हळूहळू चढू लागतो. नंदुरबार जिल्ह्यातील कळसाडीसारख्या गावाजवळ असे झाले आणि सुटे भाग विकणारे दुकान जवळ नसले, तर कोणाला तरी मोटारसायकलवर तालुक्याच्या गावी धाडावे लागते. तेथे दुकानदार पहिला प्रश्न विचारतो, "कोणता पट्टा?" याचे नेमके उत्तर देता आले नाही तर आणलेला पट्टा दोन-तीन बोटे आखूड निघतो आणि सगळी खेप वाया जाते. गाडीत दवाखान्यात न्यायचा रुग्ण असेल किंवा परीक्षेला निघालेली मुले असतील, तर ही दोन-तीन बोटे फार महाग पडतात.

"कोणता पट्टा?" या प्रश्नाचे उत्तर नीट द्यायचे तर पट्ट्याचा इतिहास ठाऊक असणे उपयोगी पडते. कारण इंजिनावरचे सगळे पट्टे एकाच जातीचे नसतात. त्यांचा शोध वेगवेगळ्या काळात लागला आणि प्रत्येकाने आधीच्या पट्ट्याची एक अडचण दूर केली. ही अडचण मुळात एकच होती. पट्टा घसरतो, त्याला घसरू कसे द्यायचे नाही? पण घसरणे हा पट्ट्याचा दोष असला तरी तेच त्याचे संरक्षणही होते. घसरण जसजशी कमी होत गेली, तसतशी पट्टा तुटण्याची किंमत वाढत गेली. हा देवाणघेवाणीचा हिशेब आपण या लेखात मांडून पाहू.

चरख्याची माळ

आपल्याकडचा सर्वांत ओळखीचा पट्टा म्हणजे चरख्याची माळ. मोठे चाक हाताने सावकाश फिरते आणि त्याच्यावरून गेलेली सुताची दोरी बारीक चातीला भराभर फिरवते. चाकाचा व्यास ६० सेंटिमीटर आणि चातीवरच्या गिरकीचा व्यास १ सेंटिमीटर असेल, तर चाकाच्या एका फेऱ्यात चातीचे ६० फेरे होतात. दात्यांची चाके न वापरता वेग इतका वाढवण्याची ही फार स्वस्त युक्ती आहे.

चरखा भारतात नेमका केव्हा आला याबद्दल इतिहासकारांनी बराच काथ्याकूट केला आहे. त्याचा एक जुना लेखी उल्लेख इसामी या कवीच्या १३५० मध्ये पुऱ्या झालेल्या फारसी काव्यात सापडतो. हा इसामी दिल्लीहून दौलताबादला आणलेल्या लोकांपैकी एक होता. म्हणजे चरख्याचा हा उल्लेख आपल्या दख्खनच्या भूमीशी जोडलेला आहे. पुढे १९३० च्या सुमारास गांधीजींच्या येरवड्याच्या तुरुंगवासाशी निगडित असा पेटी चरखा तयार झाला. त्यात एकाऐवजी दोन चाके असतात आणि दोन माळा वेग दोन टप्प्यांत वाढवतात. पहिल्या टप्प्यात वेग ५ पट आणि दुसऱ्यात २० पट वाढला, तर एकूण वाढ १०० पट होते. एवढे मोठे काम लहानशा पेटीत मावते ते याच गुणाकारामुळे.

चरखा चालवणाऱ्याला आणखी एक गोष्ट ठाऊक असते. चाती अडकली तर माळ घसरते. धक्का बसतो, पण सूत, चाती किंवा बोट यांपैकी कशाचेही मोठे नुकसान होत नाही. आणि माळ तुटलीच तर तिला गाठ मारून काम पुढे चालू होते.

दोर खांबाला का धरतो?

बंदरावरचा माणूस मोठ्या नावेचा दोर खांबाला दोन-तीन वेढे देऊन एका हाताने धरून ठेवतो. हे कसे जमते याचे गणित अठराव्या शतकात लिओनार्ड ऑयलर याने केले आणि पुढे आयटेलवाइन या जर्मन अभियंत्याने ते अभियांत्रिकीच्या व्यवहारात आणले. दोराच्या प्रत्येक बारीक तुकड्यावर घर्षण थोडी ओढ स्वतःकडे घेते. पुढच्या तुकड्याला उरलेली ओढ सोसायची असते, तिचाही तेवढाच हिस्सा घर्षण घेते. म्हणून वेढे वाढवले की पकड बेरजेने न वाढता गुणाकाराने वाढते.

घर्षणांक ०.३ धरला तर अर्ध्या वेढ्याला दोराच्या दोन टोकांवरील ताणांचे गुणोत्तर सुमारे २.६ येते. एका पूर्ण वेढ्याला ते ६.६, दोन वेढ्यांना ४३ आणि तीन वेढ्यांना सुमारे २८५ होते. खांबाची जाडी या हिशेबात कोठेच येत नाही. हा निष्कर्ष विद्यार्थ्यांना चकित करतो आणि तो वर्गात पडताळून पाहता येतो. त्यासाठी स्प्रिंगचा काटा, सुतळी आणि टेबलाचा पाय एवढेच साहित्य पुरते.

यंत्रावरच्या पट्ट्याची अडचण अशी, की त्याला एका पुलीभोवती साधारण अर्धाच वेढा घेता येतो. म्हणजे त्याच्या वाट्याला फक्त २.६ पट येतात. याहून अधिक ओढ आली की पट्टा घसरणार. उपाय तीनच राहतात. पट्टा अधिक ताणायचा, त्याचे घर्षण वाढवायचे किंवा वेढ्याचा कोन वाढवायचा. गावच्या पिठाच्या गिरणीत हे तिन्ही उपाय पाहायला मिळत. इंजिन मागे सरकवून पट्टा ताणत, त्याला राळ लावत आणि कधी तो इंग्रजी आठच्या आकड्यासारखा तिढा देऊन चढवत. तिढ्यामुळे दोन्ही पुल्यांवरचा वेढा वाढतो आणि फिरण्याची दिशाही उलटते.

गिरणीतला चामड्याचा पट्टा

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईत कापड गिरणीची कंपनी काढली आणि १८५६ मध्ये ताडदेवला तिचे काम सुरू झाले. अशा गिरणीत वाफेचे एकच मोठे इंजिन असे. त्याची शक्ती छताखालून जाणाऱ्या लांबलचक दांड्यांना मिळे आणि त्या दांड्यांवरून एकेका यंत्राकडे चामड्याचा पट्टा उतरे. यंत्र थांबवायचे तर पट्टा शेजारच्या मोकळ्या पुलीवर सरकवीत. ती पुली दांड्यावर नुसतीच फिरे, काम करत नसे. आजच्या मोटारीतला क्लच जे करतो, ते येथे पट्टा सरकवून साधे.

या पट्ट्यांची देखभाल हे एक स्वतंत्र शास्त्रच होते. अमेरिकेतील फ्रेडरिक टेलर याने एका पोलाद कारखान्यातील पट्ट्यांच्या नऊ वर्षे नोंदी ठेवल्या आणि १८९० च्या दशकात त्यावर प्रबंध वाचला. पट्टा तुटण्याची किंवा घसरण्याची वाट न पाहता ठरावीक मुदतीने, काट्याने ताण मोजून तो पुन्हा जुळवावा, असा त्याच्या सांगण्याचा इत्यर्थ होता. मोटारीच्या माहितीपुस्तकात अमुक किलोमीटरनंतर पट्टा बदला असे लिहिलेले असते, त्यामागेही हीच विचारसरणी आहे.

पण उघड्या पट्ट्याने माणसांचे बळीही घेतले. धोतराचा सोगा, पदर किंवा सैल बाही पट्टा आणि पुली यांच्यामध्ये सापडली की माणूस आत ओढला जाई. वेढ्याचे जे गणित नावेला थोपवते, तेच येथे माणसाविरुद्ध काम करते. कापडाचा एक वेढा बसला की ते ओढून काढणे हाताच्या बळाबाहेर जाते. भारतातील पहिल्या, १८८१ च्या कारखाना कायद्यातच धोक्याच्या यंत्रभागांना कुंपण घालण्याची तरतूद होती. १९४८ च्या कारखाना कायद्याने तर फिरत्या पुलीवरचा पट्टा हाताळण्याच्या अटीच घालून दिल्या. असे काम शिकवलेल्या प्रौढ पुरुष कामगारानेच, अंगाला घट्ट बसणारे कपडे घालून करायचे. पट्टा १५ सेंटिमीटरपेक्षा रुंद नको आणि त्याचा जोड नीट शिवलेला किंवा पृष्ठभागाशी सपाट हवा. एवढ्या बारीक अटी अपघातांच्या अनुभवातूनच येतात. पिठाच्या गिरणीत आणि मळणीयंत्रात ओढणी किंवा केस अडकून अपघात आजही होतात. पट्ट्यावर जाळी हवी, हे विद्यार्थ्यांना सांगताना वेढ्याचे गणितही सांगितले तर जाळीचे कारण त्यांना अधिक पटेल.

टाटांच्या खोपोली केंद्रातून १९१५ मध्ये मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. हळूहळू प्रत्येक यंत्राला स्वतःची मोटर आली, छताखालचे दांडे गेले आणि पट्टे आखूड झाले.

पाचरीची युक्ती

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोठ्या गिरण्यांत इंजिनाची शक्ती मजल्यामजल्यांवर नेण्यासाठी सुती दोर वापरू लागले होते. हे दोर सपाट पुलीवर न बसवता निमुळत्या खाचेत बसवत. ताण आला की दोर खाचेत पाचरीसारखा रुते आणि दोन्ही बाजूंनी घट्ट धरला जाई. लाकूड फोडताना पाचर बाजूंवर जो प्रचंड दाब देते, त्याच दाबाचा उपयोग येथे पकड वाढवण्यासाठी होतो.

सुरुवातीच्या मोटारींना मात्र सपाट पट्टाच होता. १९०८ मध्ये निघालेल्या फोर्डच्या टी मॉडेलचा पंखा सपाट पट्ट्यावर फिरे. तो पट्टा घसरला तरी फारसे बिघडत नसे, कारण त्या मॉडेलच्या बहुतेक गाड्यांत गरम पाणी वर आणि थंड पाणी खाली या नैसर्गिक अभिसरणानेच पाणी खेळे. त्याला पंपाची गरज नव्हती.

१९१७ मध्ये अमेरिकेतील डेन्व्हर येथे जॉन गेट्स याने रबर आणि सूत यांचा, छेद घेतला तर इंग्रजी व्ही अक्षरासारखा दिसणारा पट्टा तयार केला. खाचेच्या दोन बाजूंमधला कोन ४० अंश असेल तर घर्षणांक परिणामी सुमारे तिप्पट होतो. हा तिप्पट आकडा घातांकात जाऊन बसतो, त्यामुळे अर्ध्या वेढ्याचे २.६ हे गुणोत्तर एकदम १६ च्या जवळ जाते. पट्टा अरुंद झाला, पुल्या लहान झाल्या आणि एकाच पट्ट्यावर पंखा, पाण्याचा पंप व डायनॅमो चालवणे शक्य झाले. १९३० च्या दशकात निओप्रीन हे कृत्रिम रबर बाजारात आले. ते तेल आणि उष्णता नैसर्गिक रबरापेक्षा चांगली सोसते. त्यामुळे असे पट्टे इंजिनाच्या उष्ण कोपऱ्यात अधिक काळ टिकू लागले.

ही पाचर एका अटीवर काम करते. पट्ट्याने खाचेच्या दोन बाजूंना टेकले पाहिजे, तळाला नव्हे. पट्टा झिजून अरुंद झाला की तो खाली बसत जातो. एकदा तो तळाला टेकला की पाचर संपली. १६ चा आकडा पुन्हा २.६ कडे घसरतो आणि इतिहासातील सारी कमाई त्या खाचेत हरवते. जुन्या गाडीचा पट्टा कितीही ताणला तरी चिरकतो, त्याचे कारण पुष्कळदा हेच असते. म्हणून फिटर प्रथम पट्ट्याची पाठ पुलीच्या कडेच्या पातळीला आहे की आत बुडाली आहे ते पाहतो. खाचेचा तळ चकचकीत दिसला तरी तो तेच सांगतो.

मुंबईत जुळलेल्या गाड्या

आपल्याकडच्या जुन्या गाड्यांपैकी बऱ्याच या पाचरीच्या पट्ट्याच्या काळातल्या आहेत. सोलापूरला जन्मलेले वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली आणि तिचा कारखाना कुर्ल्याला उभा राहिला. फियाट ११०० आणि पुढे पद्मिनी या नावाने ओळखली गेलेली गाडी तेथेच तयार होई. पद्मिनीच्या १०८९ घनसेंटिमीटरच्या इंजिनात पंखा, पाण्याचा पंप आणि वीज निर्माण करणारे यंत्र पट्ट्यावर चाले. झडपा उघडणारा कॅमशाफ्ट मात्र साखळीवर होता. २००३ च्या ऑक्टोबरात ताडदेवच्या परिवहन कार्यालयात नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून निवृत्त झाली.

जीपची जोडणी महिंद्रांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत सुरू केली. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सुरू झालेल्या सामूहिक विकास योजनेबरोबर ही जीप गटविकास अधिकाऱ्याची गाडी म्हणून खेड्यापाड्यांत पोचली. नंदुरबारचा प्रदेश तेव्हा पश्चिम खानदेश जिल्ह्यात होता. स्वतंत्र नंदुरबार जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. शहाद्याहून तोरणमाळकडे चढणारा घाट अशा जीपच्या पट्ट्याची खरी परीक्षा घेतो. उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर, गाडी पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये, इंजिन पुऱ्या जोरात, पण गाडीचा वेग कमी असल्याने समोरून वारा नाही. रेडिएटरला हवा मिळते ती केवळ पंख्याची, आणि पंखा त्या पट्ट्यावर. शिवाय तोरणमाळ समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून उंच आहे. तेथे उघड्या भांड्यातले पाणी ९६ अंशांच्या आसपासच उकळते. रेडिएटरच्या दाबाच्या झाकणाला चांगले रबर का हवे, तेही यातून कळते.

दात असलेला पट्टा

पाचरीचा पट्टाही थोडासा घसरतोच. पंख्याचे त्यात काही बिघडत नाही. पण क्रँकशाफ्टचे दोन फेरे होताना कॅमशाफ्टचा नेमका एकच फेरा झाला पाहिजे. हे काम बराच काळ दात्यांची चाके किंवा साखळी करत होती.

१९४० च्या दशकात अमेरिकेत शिवणयंत्रासाठी आतल्या बाजूला दात असलेला रबरी पट्टा तयार झाला. यंत्राची सुई आणि खालचा आकडा यांची वेळ नेमकी जुळावी, यासाठी तो हवा होता. १९६० च्या दशकाच्या आरंभी जर्मनीतील ग्लास कंपनीने आपल्या १००४ या मोटारीत कॅमशाफ्ट फिरवण्यासाठी असा पट्टा बसवला. तो हलका होता, आवाज करत नसे आणि त्याला वंगणाची गरज नव्हती. डिसेंबर १९८३ मध्ये भारतात आलेल्या मारुती ८०० च्या तीन सिलिंडरांच्या इंजिनातही कॅमशाफ्ट दातेरी पट्ट्यावरच फिरे.

येथे घसरण पूर्ण संपली आणि तिच्याबरोबर संरक्षणही संपले. चरख्याची माळ अडचण आली की घसरते. दातेरी पट्टा एक तर धरतो, नाही तर तुटतो. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक झडप सेकंदाला २५ वेळा उघडते. पट्टा तुटताच झडपा आहेत त्या जागी थांबतात, पण गतीमुळे दट्ट्ये आणखी काही वेळ वरखाली होत राहतात. ज्या इंजिनांत झडप आणि दट्ट्या एकाच जागेत आळीपाळीने येतात, तेथे दट्ट्या उघड्या झडपेवर आदळून ती वाकवतो. ज्या इंजिनांत दोघांमध्ये पुरेसे अंतर ठेवलेले असते, ती वाचतात. आपले इंजिन कोणत्या जातीचे आहे हे पट्टा तुटण्यापूर्वीच विचारून ठेवावे.

१९७९ च्या फोर्ड मस्टँगपासून आणखी एक प्रकार रूढ झाला. हा रुंद, पातळ आणि आतून अनेक उभ्या खाचा असलेला एकच पट्टा पंप, अल्टरनेटर, स्टिअरिंग, सारे काही चालवतो. तो तुटला की सगळेच एकदम बंद पडते.

तुटला तो कोणता?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळू. पट्ट्यांच्या या पिढ्या लक्षात ठेवल्या तर गाडी स्वतःच उत्तर सांगते.

लाल दिवा लागला, पाणी तापू लागले, पण इंजिन चालूच आहे, तर पंख्याचा पाचरी पट्टा गेला. डिझेल इंजिन विजेशिवायही चालत राहते, म्हणून पुढच्या गावापर्यंत जाऊ असा मोह होतो. तो टाळावा. पाण्याचा पंप थांबल्यावर सिलिंडरचे डोके थोड्याच वेळात तापून वाकू शकते. स्टिअरिंग एकाएकी जड झाले आणि बाकी सर्व ठीक असले, तर स्टिअरिंगच्या पंपाचा पट्टा पाहावा.

इंजिन चालता चालता काही सूचना न देता बंद पडले, दिवे नीट लागतात आणि स्टार्टर मारल्यावर इंजिन नेहमीपेक्षा हलके, धडधड न करता भराभर फिरते, तर दातेरी पट्ट्याची शंका घ्यावी. हलके फिरण्याचे कारण असे, की झडपा हलत नसल्याने सिलिंडरांत हवा नेहमीसारखी दाबली जात नाही. अशा वेळी पुन्हा पुन्हा स्टार्टर मारू नये. वाचलेल्या झडपाही त्याने वाकतील.

पट्टा कोणता हे कळले की त्याचे माप. तुटलेल्या पट्ट्याच्या पाठीवर अक्षरे शाबूत असतील तर ती लिहून घ्यावी. यंत्रांसाठीच्या 'ए' जातीच्या पट्ट्याची वरची रुंदी १३ मिलिमीटर आणि जाडी ८ मिलिमीटर असते, 'बी' जातीची १७ आणि ११. 'ए ३६' याचा अर्थ ए जातीचा, आतून ३६ इंच लांबीचा पट्टा. मोटारीच्या पट्ट्यांवर मात्र बहुधा रुंदी आणि लांबी मिलिमीटरमध्ये असते. लांबी आतली की बाहेरची, हे दुकानात विचारावेच लागते. या दोन्हींतला फरक काढणे हे नववी-दहावीच्या मुलांसाठी छान उदाहरण आहे. पुल्या कितीही असोत आणि कितीही मोठ्या असोत, पट्टा बाहेरच्या बाजूनेच त्यांना वेढत असेल तर फरक जाडीला २ × ३.१४ ने गुणून मिळतो. ८ मिलिमीटर जाडीसाठी तो ५० मिलिमीटर येतो. आणलेला पट्टा दोन-तीन बोटे आखूड का निघाला, त्याचे हे उत्तर!

अक्षरे पुसली असतील तर डायनॅमो किंवा अल्टरनेटर आत ढकलून मग पुल्यांवरून दोरी फिरवावी. दोरी खाचेत खोल न जाता पट्ट्याच्या पातळीवर राहील इतकी जाड हवी. रुंदीचे माप झिजलेल्या पट्ट्यावरून न घेता पुलीच्या खाचेवरून घ्यावे. पुष्कळ जुन्या गाड्यांत डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर आलेला असतो आणि पुलीही बदललेली असते. तेथे माहितीपुस्तकातल्या आकड्यापेक्षा दोरीवर विश्वास ठेवणे बरे. दोन पुल्यांच्या पट्ट्याचा हिशेब कागदावरही जमतो. केंद्रांमधील अंतराची दुप्पट, अधिक दोन व्यासांच्या बेरजेचे १.५७ पट, अधिक व्यासांतील फरकाचा वर्ग भागिले अंतराची चौपट. व्यास १५ आणि ८ सेंटिमीटर व अंतर ३० सेंटिमीटर असेल, तर उत्तर सुमारे ९६.५ सेंटिमीटर येते.

नवा बसवताना

इंजिन थंड होऊ द्यावे, चावी काढून घ्यावी आणि बॅटरीची एक तार सोडावी. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये. तुटलेल्या पट्ट्याचे तुकडे पंख्यात किंवा पुलीमागे अडकले आहेत का ते पाहावे. पंप आणि डायनॅमोच्या पुल्या हाताने फिरवून पाहाव्या. एखादी अडकत असेल तर पट्टा तुटण्याचे कारण तेच असेल, आणि नवाही लवकरच तुटेल. पुल्या एका रेषेत नसल्या किंवा पट्ट्यावर तेल गळत असले तरी परिणाम तोच.

डायनॅमोचे बोल्ट सैल करून तो आत ढकलावा, पट्टा सर्व पुल्यांवर हाताने चढवावा, मग डायनॅमो बाहेर ओढून बोल्ट आवळावे. स्क्रू ड्रायव्हरने पुलीच्या कडेवरून पट्टा जबरदस्तीने चढवू नये. ओढ सोसतात ते पट्ट्याच्या आतले दोरे, आणि ते न दिसता तुटतात. सर्वांत लांब मोकळ्या भागावर अंगठ्याने दाबल्यास पट्टा साधारण एक ते दीड सेंटिमीटर खाली जावा. माहितीपुस्तकात वेगळा आकडा असेल तर तो पाळावा. सैल पट्टा घसरून तापतो, फार ताणलेला पट्टा पंपाचे बेअरिंग खातो. नवा पट्टा थोडा वाढतो, म्हणून थोडे अंतर चालवून ताण पुन्हा तपासावा.

दातेरी पट्टा ताणाबरोबर खुणांवर बसतो. समजा, कॅमशाफ्टच्या चाकाला ४० दात आहेत. पट्टा एक दात चुकला तर कॅमशाफ्ट ९ अंश, म्हणजे क्रँकशाफ्टच्या हिशेबाने १८ अंश चुकतो. म्हणून पट्टा चढवल्यावर क्रँकशाफ्ट पान्याने सावकाश दोन पूर्ण फेरे फिरवून खुणा पुन्हा जुळतात का ते पाहतात. दोनच फेरे का, हे आता वेगळे सांगायला नको. हे काम जाणकार फिटरकडेच द्यावे.

पंख्याचा पट्टा तुटल्यावर खाचेत सुती दोरी किंवा सायकलची कापलेली ट्यूब घट्ट बांधून गाडी थोडे अंतर नेण्याची युक्ती जुने चालक सांगतात. ती सावकाश आणि अगदी जवळच्या अंतरापुरतीच चालते, पण तिच्यामागचे तत्त्व गिरणीतल्या सुती दोरांचेच आहे. दातेरी पट्ट्याला असा कोणताही गावठी उपाय नाही. तो मुदतीत बदलणे एवढेच हाती असते.

मुदतीचे महत्त्व अलीकडे आणखी एका कारणाने वाढले आहे. निओप्रीनचा पट्टा जुना झाला की त्याला आडव्या भेगा पडत आणि त्या पाहून तो बदलता येई. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून ईपीडीएम हे नवे रबर वापरात आले. त्याला भेगा सहसा पडत नाहीत, तो टायरसारखा झिजतो. खाचा खोल होत जातात, पण वरून पट्टा नवाच दिसतो. गाडी जुनी असली तरी तिच्यावरचा पट्टा नव्या रबराचा असू शकतो. म्हणून डोळ्यांनी पाहून समाधान न मानता खाचेची खोली मापकाने तपासावी लागते.

शाळेत हा विषय शिकवायचा तर जवळच्या गॅरेजमधून बाद झालेले दोन-तीन पट्टे मागून आणावे. ते फेकलेच जातात, पैसे पडत नाहीत. पाचरी पट्टा आडवा कापला की वरच्या भागात दोऱ्यांची ओळ दिसते. ती वर का आणि खाली का नाही, हे मुलांना विचारावे. जुनी पुली मिळाली तर झिजलेला आणि नवा पट्टा तिच्यात आळीपाळीने बसवून कोणता तळाला टेकतो ते दाखवावे. दातेरी पट्ट्याचे दात मोजून, दोन दातांमधले अंतर मोजून त्याची लांबी काढायला लावावी. पुढे कधी एखाद्या रस्त्यावर "कोणता पट्टा?" असा प्रश्न आलाच, तर निदान यांतला एखादा विद्यार्थी दोरी घेऊन पुल्यांभोवती माप घेऊ शकेल.